मयेकर मिस्त्रींच्या आगकाड्या

मयेकर मिस्त्री कोणतीही वस्तू आधी खालून बघत. कचेरीत नवी खुर्ची आली, की उलटी करून. कपाट आलं, की जमिनीवर गाल टेकून. मग उठत, गुडघ्याची माती झाडत आणि एकच प्रश्न विचारत, "पानी आत येनार. भायेर कसं जानार ते सांगा." लाकडी कपाटात पाणी कशाला जाईल, असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं. पुढच्या पावसाळ्यात त्या कपाटाचा खालचा खण कुजला. मग मी विचारायचं सोडलं.

आमची संस्था रत्नागिरीत बायकामुलांसाठी दवाखाना चालवत होती. एक डॉक्टर, दोन नर्स आणि खेड्यापाड्यांत जायला एक म्हातारी जीप. कचेरी मी सांभाळत असे. मिस्त्री आले ते दाराची चौकट बसवायला, आणि चौकट बसल्यावर कोणी जा म्हटलं नाही म्हणून राहिले. त्याआधीची चाळीस वर्षं त्यांनी भाट्याच्या खाडीकाठी मचवे बांधण्यात घालवली होती. लाकडी होड्यांचं काम कमी झालं, हात रिकामे राहिले. वय साठीचं, अंग सुक्या बांगड्यासारखं, खाकी अर्धी विजार, कानामागे पेन्सिल. पेन्सिल लाकडावर खूण करण्यापुरती. लिहिणं म्हणजे सही, आणि तीही श्वास रोखून. माझ्या हातात कायम वही. त्यांच्या खिशात कायम काडेपेटी, आणि विडी तर ते ओढत नसत. ती काडेपेटी कशासाठी, ते मला गाडी घ्यायच्या वेळी कळलं.

ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांनी फिरत्या दवाखान्यासाठी गाडी घ्यायचं ठरलं. दौरे चार-चार, पाच-पाच रात्रींचे. कधी नाटे गावाकडे, कधी थेट गुहागरच्या बाजूला. जीपमधून औषधं न्यायची आणि झोपायला कोणाच्या तरी पडवीत जागा मागायची, हे फार दिवस चाललं होतं. आता गाडीतच तपासणीचं बाक हवं, औषधांची कपाटं हवीत, रात्री झोपायची सोय हवी. घाटावर गाड्यांचे सांगाडे बांधणारा एक कारखाना होता. तिथे तीन नमुने तयार उभे आहेत असं कळलं म्हणून आमचे अध्यक्ष अप्पा, थोरल्या नर्स कुमुदताई, मी आणि मिस्त्री असे चौघे गेलो.

पहिली गाडी लहान, तिचं अंग फायबरचं, साच्यातून काढल्यासारखं एकसंध. दुसरी जीपमागे ओढायची गाडी, तिच्यावर ताडपत्रीचं छप्पर उघडायचं आणि मिटायचं. तिसरी मोठी, बसच्या सांगाड्यावर लाकडी चौकट, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकलेले. छपरावर पाण्याची टाकी, दोन झरोके, सहा खिडक्या, आत हात धुवायचं भांडं आणि मागच्या कोपऱ्यात संडास-न्हाणी. अप्पा मोठीत शिरले ते बाहेर येईनात. मी वहीत रकाने पाडले: जागा, वजन, इंजिन, टायर, झोपायची सोय, देखभाल. प्रत्येकाला दहापैकी गुण.

मिस्त्री तोवर मोठ्या गाडीखाली आडवे झाले होते. बाहेर आले, मग शिडी मागून छपरावर चढले. जिथे पत्र्याला पत्रा भेटे, जिथे नळ छपरातून खाली उतरे, जिथे खिडकीची चौकट बसवलेली असे, तिथे तिथे हात लावत आणि काडेपेटीतली एक काडी सदऱ्याच्या खिशात टाकत. पेटी संपली तेव्हा चहाच्या टपरीवरून दुसरी आणली. उरलेल्या दोन गाड्याही तशाच तपासून तासाभराने त्यांनी माझ्या उघड्या वहीवर तीन ढीग मांडले. लहान गाडीच्या नऊ काड्या. मोठीच्या जवळजवळ दोन पेट्या. ताडपत्रीची एकच काडी, आणि ती मोडलेली.

"एकच?" अप्पांनी विचारलं.

"ती सगळीच भोक हाय. मोजू काय?"

माझ्या सगळ्या रकान्यांपेक्षा ते ढीग जास्त बोलत होते, हे मला तेव्हाच दिसलं. मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. गळणार नाही अशी गाडी जन्माला आलेली नाही. प्रश्न इतकाच, की किती जागी लक्ष ठेवायचं आणि ते कोण ठेवणार. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून घेतली. पावसाळ्यात होडी वर ओढतात, नारळीच्या विणलेल्या झापांनी शाकारतात आणि चार महिने निजवतात. आमची गाडी मात्र नेमकी त्याच चार महिन्यांत बाहेर पडणार, कारण तेव्हाच खेड्यातल्या बाईला शहरात येता येत नाही. "लहान घ्या," ते म्हणाले. "नऊ भोकं कुनी बी सांभाळील. मी मेलो तरी."

रत्नागिरीला परतल्यावर बैठक झाली. मिस्त्री नेहमीप्रमाणे दारातल्या स्टुलावर बसले. माझ्या गुणांची बेरीज लहान गाडीच्या बाजूने होती, काड्यांचीही. ठराव लिहायला मी टोपण काढलं, आणि कुमुदताई बोलल्या. त्या बैठकीत सहसा बोलत नसत. दौऱ्यावर असताना त्या आणि धाकटी नर्स दुपारी बारानंतर पाणी पीत नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. परक्या गावात, काळोखात, पावसात बाहेर कुठे जायचं? दोन वर्षांत तीनदा मूत्रमार्गाचा आजार झाला, शेवटच्या वेळी ताप उतरेना. डॉक्टरांना कारण ठाऊक होतं. लहान गाडीत संडास-न्हाणी नव्हती. माझ्या यादीत 'न्हाणी' हा रकानाच नव्हता, आणि ती यादी एका बाईने केली होती.

अप्पा चष्मा पुसत राहिले. स्टुलावरून मिस्त्री उठले, टेबलापाशी आले आणि खिशातून पेटी काढून माझ्या वहीतल्या लहान गाडीच्या नावापुढे काड्या ठेवायला लागले. एक, दोन, पाच, दहा. पेटी रिकामी होईपर्यंत.

"ह्ये भोक मी मोजलंच न्हवतं," ते म्हणाले. "मोठी घ्या."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात गळेल म्हणून," अप्पा म्हणाले.

"गळनारच. मी हाय ना."

अप्पांनी विचारलं, किती वर्षं आहात? मिस्त्री म्हणाले, "हाय तवर हाय." सगळे हसले आणि ठराव झाला. 'देखभाल कोण करणार' या कलमापुढे मी लिहिलं: श्री. मयेकर. एकच नाव. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं.

गाडी आली. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी हार, नारळ, सतरंज्या यांची यादी घेऊन मी अंगणात गेले, तर गाडीच्या आतून खर्र खर्र आवाज. मिस्त्री कोऱ्या करकरीत गाडीच्या तळाला गिरमिटाने भोक पाडत होते. तोवर मागच्या दोन कोपऱ्यांत पाडूनही झाली होती. मी अप्पांना बोलावलं, तर त्यांना तिथेच खुर्ची द्यावी लागली. गळती थांबवायला ठेवलेला माणूस स्वतःच गाडीला भोकं पाडतो, हे त्यांना समजेना. मिस्त्रींनी शांतपणे लाकडाची तीन बुचं तासली, होडीच्या तळाला असतात तशी, आणि भोकांत बसवली. वरून पाणी येणार ते येणारच, पण ते आत साचलं तर लाकडी चौकट आतून खाईल आणि आपल्याला कळणारही नाही. दौऱ्यावरून आलं की बूच काढायचं, पाणी जाऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी ती बुचं बघून हे काय म्हणून विचारलं. अप्पांनी न अडखळता सांगितलं, "ही आमची खास योजना आहे."

पुढची चार वर्षं आमचा शनिवारचा कार्यक्रम ठरलेला. मी एकतीस कलमांची यादी वाचायची, त्यांनी एकेका जागी हात ठेवून 'हां' किंवा 'न्हाय' म्हणायचं. खिडक्यांची रबरं, झरोक्यांच्या कडा, टाकीचा नळ, मागच्या दिव्यांच्या चौकटी. गाडीत कुठे थेंब दिसला, तर ते बोटावर घेऊन जिभेला लावत. टाकीच्या पाण्यात आम्ही जंतुनाशक घालत असू. त्याची चव लागली तर नळ गळतोय, नाही लागली तर छप्पर. मला हे किळसवाणं वाटे. पण त्यामुळे अर्ध्या दिवसाचं काम क्षणात होई. गाडी दौऱ्यावर नसली, की ती झापांच्या मांडवाखाली उभी असे. तो मांडवही त्यांनीच शाकारलेला. नारळी पौर्णिमेला बंदरावर होड्यांची पूजा होई तेव्हा ते इथे गाडीसमोर नारळ फोडत, आणि तो फोडताना पाणी पत्र्यावर उडणार नाही याची काळजी घेत.

त्यांची एक चूक मला सांगायलाच हवी, कारण ती त्यांनी स्वतःच मला लिहायला लावली होती. पहिल्या पावसाळ्याआधी त्यांनी गाडीच्या सगळ्या सांध्यांत कापसाच्या वाती ठोकल्या, राळेत आणि तेलात भिजवलेल्या. होडीत ठोकतात तशाच. जुलैपर्यंत गाडी ठणठणीत. गणपतीच्या सुमारास मागच्या कोपऱ्यातलं लाकूड बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. मिस्त्री दिवसभर त्या कोपऱ्यासमोर उकिडवे बसून होते. संध्याकाळी कचेरीत आले आणि म्हणाले, वही काढा. होडीचं लाकूड पाण्यात फुगतं आणि फट आपोआप मिटते. पत्रा फुगत नाही. उलट उन्हात पसरतो, फट उघडतो. वात पाणी पिऊन बसली आणि तिने ते लाकडाला पाजलं. "लिवा, चूक मयेकराची." मी म्हटलं, असं कोणी लिहीत नाही. "मंग फुडच्याला कसं कळनार?" मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, श्वास रोखून. मग सगळ्या वाती एकेक करून उपसल्या आणि घाटावरून मागवलेलं रबरी लुकण भरलं. त्यात पंधरा दिवस गेले.

'फुडच्याला' हा शब्द ते वारंवार वापरत. तो पुढचा कोण, हे मात्र ठरत नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, हाताखाली कोणी तरी द्या, दोन पावसाळे बघितल्याशिवाय येत नाही हे काम. मी यादीत घातलं: दुसरा माणूस नेमणे. त्या बैठकीत वेळ उरला नाही, म्हणून कलम पुढच्या बैठकीत गेलं. तिथून त्याच्या पुढच्या. दर वेळी मी ते नव्या पानावर स्वच्छ अक्षरात उतरवून काढत असे, आणि उतरवलं की काहीतरी केल्यासारखं वाटे. मिस्त्रींनी आणखी दोनदा विचारलं. शेवटच्या वेळी म्हणाले, "बाय, तुमच्या वहीत तो मानूस चांगला ऱ्हातोय. जरा भायेर येऊ द्या त्याला." मी हसले. तेही हसले.

पाचव्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका उघडिपीला, ते एकटेच छपरावर चढले. दुसऱ्या दिवशी गाडी निघायची होती आणि पुढच्या झरोक्याची कड त्यांना पटत नव्हती. शिडी धरायला कोणी नव्हतं. पत्र्यावर शेवाळाचा हात फिरलेला. मी टेबलावर दौऱ्याची यादी तपासत होते. आवाज आला तो माणूस पडल्याचा नाही, शिडी पडल्याचा. त्यामुळे मी लगेच उठले नाही. हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. महिनाभर पायाला वजन बांधून इस्पितळात, मग घरी. उभं राहणं संपलं. छातीत कफ धरला. इकडे तीन आठवड्यांत गाडीने पाणी घेतलं. यादी माझ्याकडे होती, एकतीसच्या एकतीस कलमं. मी एकेका जागी हात ठेवून बघत होते, पण माझ्या हाताला काही कळत नव्हतं. नाटे गावच्या दौऱ्यात इंजेक्शनांचे दोन खोके भिजले. कुमुदताई रात्रभर छत्री उघडून आत बसल्या. गाडी उभी राहिली, दौरे थांबले.

मी भेटायला गेले तेव्हा मिस्त्रींनी पायाचं काहीच सांगितलं नाही. गाडी इथे घेऊन या, म्हणाले.

आश्विनात आम्ही ती नेली. परतीचा पाऊस येऊन-जाऊन होता. त्यांचं घर खाली, नारळीच्या बागेत. गाडी वरच्या रस्त्यावर उभी राहिली आणि चार शेजाऱ्यांनी त्यांना खाटेवरून वर आणलं. गाडीत शिरवून तपासणीच्या बाकावर आडवं केलं. ज्या बाकाचा एकेक स्क्रू त्यांनी बसवला होता, त्यावर ते पहिल्यांदाच झोपत होते. शेजारचा लक्ष्मण कळशी घेऊन छपरावर चढला. मिस्त्रींनी दार-खिडक्या बंद करायला लावल्या. आत अंधार, औषधांचा वास, आणि त्यांचा घरघरता श्वास. मी वही उघडली.

"लिवू नको," ते म्हणाले. "आयक."

चार-पाच वर्षं मी 'तुमी' होते. त्या दिवशी 'तू' झाले.

वरून पाणी ओतलं गेलं. मला नुसता गोंगाट ऐकू आला. काय ऐकलंस, विचारलं. पाणी, मी म्हटलं. "पत्र्यावर पानी बोलतं. जिथं गप व्हतं, तिथं आत शिरतं. पुन्ना." पुन्हा कळशी. मी बोट दाखवलं. चुकलं. पुन्हा. चुकलं. चौथ्यांदा त्या सगळ्या आवाजात, डाव्या खिडकीच्या वर, वीतभर जागा मुकी असल्यासारखी वाटली. मी तिथे हात ठेवला. मिस्त्रींनी उशाखालून काडेपेटी काढली, एक काडी घेतली आणि माझ्या तळव्यावर ठेवली.

दुपारपर्यंत माझ्याकडे अकरा काड्या झाल्या. मध्ये त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत लक्ष्मण वर भिजत उभा होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, दुसऱ्या माणसाचं मी तेव्हाच करायला हवं होतं. शिडी धरायला तरी कोणी असतं."

ते छताकडे बघत होते. त्यांना दुखत होतं की ते पाणी ऐकत होते, कळलं नाही.

"आता बसलीस ना शिकायला," ते म्हणाले. "लक्षुमना, वत."

गाडी त्यानंतर तीन पावसाळे चालली. लक्ष्मणला संस्थेने कामावर घेतलं. त्या कलमाला एकच बैठक लागली. शनिवारी मी पदर खोचून आत बसत असे आणि तो वरून पाणी ओतत असे. इंजेक्शनांचा खोका पुन्हा भिजला नाही. कुमुदताईंना पुन्हा तो आजार झाला नाही. मिस्त्रींना हे सगळं सांगायचं राहिलं, कारण मार्गशीर्षात ते गेले. मी तेव्हा वार्षिक अहवालाच्या कामात होते. निरोप आला तेव्हा अग्नी देऊन झाला होता.

त्यामुळे मला ते दिसतात ते त्या आश्विनातल्या दुपारीच. काम संपलं, दार उघडलं, बाहेर बारीक पाऊस सुरू झालेला. चौघांनी त्यांना पुन्हा खाटेवर घेतलं. काडेपेटी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. पाचव्या शेजाऱ्याने खाटेवर एक झाप आडवा धरला, निजवलेल्या होडीवर घालतात तसा. जुना झाप होता, पाती विरलेली. बागेची उतरती पायवाट सुरू व्हायच्या आधी ते क्षणभर थांबले, आणि मी पाहिलं की झापातून एक धार नेमकी मिस्त्रींच्या छातीवर पडते आहे. सदऱ्यावर ओला डाग पसरत होता. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक थेंब विचारल्याशिवाय आत येऊ दिला नाही, तो त्या धारेखाली डोळे मिटून पडला होता.

मी म्हटलं, "थांबा, थांबा. झाप गळतोय त्यांच्यावर."

मिस्त्रींनी डोळे उघडले. धार कुठून येते ते वर बघून घेतलं, सवयीने. मग त्या ओल्या डागावर हात ठेवला.

"गळू दे, बाय," ते म्हणाले.

चौघांनी खाट उचलली आणि ते खाली उतरत गेले.